वजनाविना वाढणारी रोपे

श्रोतेहो, पेरताना बी उलटे पडो की आडवे, मूळ खालीच जाते आणि कोंब वरच येतो, हे आपण जन्मभर पाहत आलो. पण मातीच्या अंधारात त्या बियाला खालचे-वरचे सांगते कोण? ओल, ऊब, की पृथ्वीची ओढ?

१८०६ साली इंग्लंडमधील टॉमस नाइट यांनी एक युक्ती केली. बागेतल्या ओढ्यावर पाणचक्की बसवली आणि तिच्या फिरत्या चाकाला घेवड्याचे दाणे बांधले. मग काय झाले? दाणे रुजले, पण मुळे खाली न जाता चाकाच्या बाहेरच्या बाजूस गेली आणि कोंब आसाकडे वळले. चाकाच्या गतीने वजनाची दिशा बदलली, तशी रोपाचीही बदलली. मात्र वजन साफ काढून टाकणे नाइट यांच्या हाती नव्हते.

पुढे १८८० साली चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने आणखी एक गोष्ट दाखवली. वाढत्या कोंबाचे टोक सरळ वर जात नाही. ते हळूहळू घिरट्या घेत जाते. ही घिरटी रोपाच्या अंगचीच, असे डार्विन म्हणाले. विसाव्या शतकात काही शास्त्रज्ञांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की कोंब कलतो, पृथ्वीच्या ओढीमुळे सावरतो, सावरताना पलीकडे जातो. झोपाळ्यासारखे चालते झाले. खरे कोणाचे? जमिनीवर याचा निकाल लागेना, कारण वजन नाही अशी जागाच इथे नाही.

ती जागा अंतराळयानात मिळाली. यान पृथ्वीभोवती सतत पडतच असते, म्हणून आतल्या वस्तूंना वजन जवळजवळ जाणवत नाही. १९८३ साली स्पेसलॅबमधून सूर्यफुलाची रोपे वर गेली. वजन नसतानाही कोंब घिरट्या घेतच होते. डार्विन जिंकले म्हणायचे! पण थांबा. २००७ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस हे रोप तपासले. वजनाविना त्याची हालचाल अगदी बारीक होती. फिरत्या चाकावर ठेवून वजन देताच घिरट्या कित्येक पटींनी मोठ्या झाल्या. म्हणजे चाल अंगची, पण तिला जोर पृथ्वीचा. दोन्ही पक्षांचे अर्धे अर्धे खरे ठरले, आणि निकाल दिला तो पुन्हा एका चाकानेच!

रोपाला दिशा लागते, तशी वेळही लागते. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि ॲलर्ड यांनी याचा उलगडा केला. उन्हाळ्यात न फुलणारी तंबाखूची एक जात ते रोज काही तास अंधारात ठेवू लागले. दिवस असा आखूड होताच ती फुलली. आपली शेवंतीही रात्री लांबल्या की बहरते. आता गंमत पाहा. पृथ्वीजवळून फिरणाऱ्या यानात सुमारे दीड तासाला एक सूर्योदय होतो, चोवीस तासांत सोळा! असल्या दिवसांवर रोपाने भरवसा ठेवावा तरी कसा? म्हणून तिथे दिवे ठरल्या वेळी लावून-मालवून दिवस-रात्र करावी लागते. १९८२ साली सोव्हिएत रशियाच्या सॅल्यूत-७ स्थानकात दिव्यांच्या उजेडात अरॅबिडॉप्सिस फुलले आणि त्याने बीही धरले. वजनाविना बियापासून बियापर्यंतचा फेरा पुरा झाला.

आपल्या देशानेही ३० डिसेंबर २०२४ रोजी चवळीचे आठ दाणे अंतराळात धाडले. चार दिवसांत ते रुजले आणि पुढे पानेही फुटली. उद्या माणूस दूरच्या प्रवासाला निघाला, तर त्याची भाजीभाकरी अशाच प्रयोगांवर अवलंबून राहील.

गुरुजी, आपल्या शाळेत यान नाही, पण चवळी आहे ना? काचेच्या पेल्यात ओला टीपकागद बसवून त्यामागे दाणे ठेवा. कोंब बोटभर झाला, की पेला अंधारात आडवा करा आणि दुसऱ्या दिवशी मुलांना दाखवा. उत्तर मात्र आधी सांगू नका. नाइट यांनाही ते कोणी सांगितले नव्हते.