जिना चढणारी खुर्ची

घरातला जिना तरुणपणी कोणाच्या ध्यानातही येत नाही. गुडघे कुरकुरू लागले म्हणजे मात्र तोच जिना घराचे दोन तुकडे करतो. वरचे देवघर, गच्चीवरचे कोवळे ऊन, नातवंडांची खोली ही सारी जणू परगावी जातात. हे दुःख राजालाही चुकले नाही.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री १५३६ साली भाल्यांच्या द्वंद्वात घोड्यावरून पडला. पुढे पायाच्या जखमांनी त्याला १५४७ मधील मृत्यूपर्यंत छळले. व्हाइटहॉल राजवाड्यातील सुमारे २० फूट उंचीच्या जिन्यावरून त्याची खुर्ची सेवक दोर व कप्पी यांच्या साह्याने ओढून नेत, असे इतिहासकार डेव्हिड स्टार्की यांनी राजाच्या मालमत्तेच्या यादीवरून २००९ साली मांडले. राजा बसल्या जागी वर जाई खरा. परंतु दोर ज्यांच्या हाती, तेवढ्यापुरता राजाही त्यांच्याच हाती!

आणि दोर तुटला तर? या प्रश्नाचे उत्तर एलिशा ओटिस याने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दिले. उंच टांगलेल्या फळीवर स्वतः उभा राहून त्याने वरचा दोर कापविला. फळी किंचित खचली आणि जागीच अडकून राहिली. लोकांचा उद्वाहकावर विश्वास बसू लागला तो अशा प्रयोगांमुळे. पुढे १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या सी. सी. क्रिस्पेन याने आपल्या आजारी मित्रासाठी जिन्यावरून सरकणारे आसन बनविले. राजवाड्यातील सोय अशा रीतीने सामान्य घराच्या जिन्यापाशी आली.

आज अशी खुर्ची घेणाऱ्याने हा इतिहास ध्यानी ठेवावा. तिचे रूळ बहुधा भिंतीला न ठोकता पायऱ्यांनाच बसवितात. म्हणून पायऱ्यांची मजबुती आधी पाहावी. खुर्ची मिटल्यावर इतरांना ये-जा करण्यापुरती वाट उरते की नाही, हे मोजावे. वळणाच्या जिन्याचे रूळ त्याच जिन्याच्या मापाने घडवितात. ते महाग पडतात व दुसऱ्या घरी सहसा उपयोगी पडत नाहीत. विकत घेण्यापूर्वी ज्याच्यासाठी ती घ्यावयाची, त्यालाच तीत बसवून पाहावे. वर पोहोचल्यावर आसन जिन्याकडून वळून पक्के बसते ना, हे त्यानेच अनुभवावे.

बहुतेक खुर्च्या बॅटरीवर चालतात, त्यामुळे वीज गेली तरी माणूस मध्येच अडकत नाही. मात्र खुर्ची ठरलेल्या थांब्यावरच उभी करावी; एरवी बॅटरी भरत नाही. रूळ कोरड्या फडक्याने पुसावेत आणि वर्षातून एकदा तरी जाणत्या कारागिराकडून तपासणी करून घ्यावी. पायरीवर वस्तू राहिली असता खुर्ची आपण होऊन थांबते ना, हे अधूनमधून रिकाम्या खुर्चीवर पाहावे. पट्टा बांधण्याचा आळस तर कधीच करू नये.

हेन्रीपाशी दोर ओढणारे सेवक होते. आपल्यापाशी एक कळ आहे. तिची निगा राखली, तर घरातील वडीलधाऱ्यांना कोणाला हाक न मारता आपल्या देवघरापर्यंत जाता येईल. एवढे स्वातंत्र्य तर त्या राजालाही लाभले नव्हते.