आजाराचे मूळ मनात की व्यवस्थेत?

"विचार बदला, आजार पळून जाईल" असे सांगणाऱ्या वक्त्यांचे सध्या पीक आले आहे. वस्तीत आरोग्य शिबिरे घेताना हे वाक्य आम्हाला आता आपल्याच तरुणांच्या तोंडून ऐकू येते. चाळिशीच्या आत बीपीची गोळी सुरू झालेल्या सफाई कामगाराला सांगितले जाते, "दादा, टेन्शन घेऊ नका." टेन्शन तो घेतो की त्याला दिले जाते, हे मात्र कुणी विचारत नाही.

मनाचा शरीरावर परिणाम होतो, हे आम्ही नाकारत नाही. आमचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. मन कशामुळे खचले ते बाजूला ठेवायचे आणि आजाराचा दोष आजाऱ्यावरच टाकायचा, हे काम पूर्वी 'गेल्या जन्मीचे कर्म' करीत होते. आता ते 'निगेटिव्ह विचार' करतात. शब्द बदलला, आरोपी तोच राहिला.

तथागत बुद्धांपुढेही हा प्रश्न आला होता. संयुत्तनिकायात मोलिय सीवक नावाचा परिव्राजक त्यांना विचारतो, माणसाला होणारे सगळे सुखदुःख पूर्वीच्या कर्मामुळेच असते असे काही श्रमण-ब्राह्मण सांगतात, आपले मत काय? बुद्ध हे मत चुकीचे ठरवतात. वेदनेची आठ कारणे ते सांगतात. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतूतला बदल, शरीराची विषम निगा, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. आठांत कर्म एकच. हवामान, राहणी आणि दुसऱ्याने केलेला हल्ला यांना बुद्धांनी कारण म्हणून स्वतंत्र जागा दिली, हे आपण नीट लक्षात घेतले पाहिजे.

आधुनिक वैद्यकशास्त्र याच वळणावर बऱ्याच उशिरा आले. १८४८ साली प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ विर्चो या २६ वर्षांच्या डॉक्टरला अप्पर सायलेशियात टायफसच्या साथीची पाहणी करायला पाठवले. तिथे त्याला उपासमार, कोंदट घरे आणि जमीनदारांच्या टाचेखाली दबलेली पोलिश जनता दिसली. त्याने अहवालात औषधांच्या यादीपेक्षा लोकशाही, शिक्षण, स्वातंत्र्य आणि सुबत्ता यांची मागणी केली. साथ सरकारच्या धोरणात आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

पण परिस्थिती शरीरात शिरते कशी? १९३६ साली कॅनडात हान्स सेल्ये यांनी उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी, जखम, अतिश्रम, विष असा कोणताही त्रास दिला तरी उंदरांच्या शरीरात ठरावीक बदल होत. अधिवृक्क ग्रंथी सुजत, रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार करणारी ग्रंथी आक्रसे, जठरात व्रण पडत. संकट आले की शरीर लढण्याची तयारी करते. संकट टळले की ते शांत होते. जिथे संकट रोजचेच असते तिथे ही तयारी कधी उतरतच नाही आणि शरीर आतून झिजत जाते.

आता लंडनला या. १९६७ पासून तिथल्या व्हाइटहॉल भागातील १७ हजारांहून अधिक पुरुष सरकारी नोकरांचा अभ्यास झाला. सगळे पगारदार, सगळ्यांना सरकारी दवाखाना मोफत. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराच्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या ३.६ पट निघाले. मधल्या श्रेणींतही पायरीगणिक धोका वाढत होता. धूम्रपान, रक्तदाब, वजन हे सगळे हिशेबात धरूनही मोठा फरक उरलाच. १९८५ नंतरच्या दुसऱ्या अभ्यासाने आणखी एक कारण पुढे आणले. ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा नाही त्यांचे हृदय लवकर दुखावते.

व्हाइटहॉलची उतरंड हुद्द्याची होती. आपल्याकडे हुद्द्याच्याही वर जात बसते. १९१७ साली बाबासाहेब अमेरिका आणि लंडनमधून शिकून बडोदा संस्थानात अधिकारी म्हणून रुजू झाले. कचेरीतला शिपाई त्यांच्या टेबलावर फायली दुरून टाकत असे. प्यायला पाणी मिळेना. राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. शिपाई साहेबाला अपमानित करू शकतो अशी उतरंड लंडनच्या संशोधकांच्या तक्त्यात नव्हती. इथल्या शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या आपल्या माणसाला आजही ती ओळखीची आहे. म्हणून "आता तर चांगला पगार आहे, मग कसला ताण?" हा प्रश्न अज्ञानाचा आहे.

आणि ज्यांना पगारही नव्हता? परळच्या चाळीत माता रमाईंनी गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लेकरे गमावली. २७ मे १९३५ रोजी, दीर्घ आजारानंतर, त्याही गेल्या. त्यांच्या त्यागावर आपण गाणी गातो. पण त्याग हा शब्द वापरून गरिबीने केलेले खून झाकले जाऊ नयेत.

बाबासाहेबांनी ते झाकले नाहीत. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे ठरवले आणि तिचा भार सरकारने उचलावा असे मांडले. गिरणीतल्या बाईला कुणी धीराचे चार शब्द सांगावेत, एवढ्यावर ते थांबले नाहीत. तिला पगारी रजा मिळावी यासाठी ते कायद्याच्या बाजूने उभे राहिले. महाडचा लढाही नुसत्या तहानेचा नव्हता, माणूस म्हणून मान्यतेचा होता. मानहानी शरीराला पोखरते हे कळल्यावर महाड हा आरोग्याचाही लढा होता असे आम्ही म्हणतो.

तो अजून संपलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालानुसार भारतातील दलित स्त्रीचे मृत्यूचे सरासरी वय सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. ही साडेचौदा वर्षे कोणत्या 'निगेटिव्ह विचाराने' खाल्ली, याचे उत्तर त्या वक्त्यांनी द्यावे.

शेवटी कार्यकर्त्यांसाठी. अठरा तास अभ्यासाचे उपक्रम आपण अभिमानाने घेतो, ते घ्यावेतच. पण रात्र-रात्र जागणे, उपाशी फिरणे, छातीत दुखले तरी दवाखाना टाळणे याला काही जण निष्ठा समजू लागले आहेत. बाबासाहेब मधुमेहाने आणि सांधेदुखीने जर्जर असताना काम करीत राहिले, धम्मदीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत आपण त्यांना गमावले. त्यांची जागा घेणारे तेव्हा दुसरे कुणी नव्हते. आज आपण लाखो आहोत, काम वाटून घेऊ शकतो. ध्यान करा, झोपा, बीपी-शुगर तपासा. मात्र मन शांत करून वस्तीतले तुंबलेले गटार विसरू नका. सफाई कामगाराला कायम नोकरी, मास्क-हातमोजे आणि भरपगारी सुटी मिळवून देणे, हा त्याच्या बीपीवरचा उपचारच आहे. तो गोळीबरोबर सुरू झाला पाहिजे.

जय भीम!