खानदेश भिल्ल पलटण

खानदेश भिल्ल पलटण : 1818 मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे आला, तरी सातपुड्यातले भिल्ल नाईक वठणीवर येईनात. तेव्हा 1825 मध्ये लेफ्टनंट जेम्स आउट्रॅम याने धरणगावी भिल्लांचीच पायदळ तुकडी उभारली. सक्तीची भरती निरुपयोगी ठरली असती. म्हणून त्याने आधी त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी केल्या, विश्वास मिळवला, मग मोजकी माणसे आपणहून आली आणि त्यांच्यामागून इतर. ही अल्पमुदतीची स्वयंसेवक फौज नव्हती. पगारी, स्थानिक पलटण होती. तिची खरी कसोटी 1857-58 मध्ये लागली. सेंधवा घाटाच्या पहाऱ्यावर सरकारी नोकरी केलेला खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठले, तेव्हा त्यांच्यावर चालून गेलेल्या फौजेत भिल्ल पलटणही होती. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणी येथे गाठ पडली. यादवी हा शब्द इतिहासकार इथे सहसा वापरत नाहीत. पण भिल्लाने भिल्लावर बंदूक रोखली, याला दुसरे नाव देणे अवघड आहे.