ज्यूंची पुस्तकं वाचायची आहेत? मग सुरुवात आटपाडीपासून करा

विट्याच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यात स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. तुरुंग म्हणावा तर भिंती नाहीत. शिक्षा झालेले कैदी इथं कुटुंबासह राहतात आणि शेती करतात. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिली याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी. एवढं या भागातल्या बहुतेकांना माहीत असतं.

कमी जणांना माहीत असतं ते पुढचं. या वसाहतीची कल्पना मांडणाऱ्यांमध्ये मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा ज्यू इंजिनिअर होता.

ज्यूंची पुस्तकं म्हटलं की आपल्यासमोर हिटलर, छळछावण्या आणि मोसादच्या थरारकथा येतात. पण मराठी मुलुखाशी थेट नातं सांगणारी ज्यू पुस्तकंही आहेत. कादंबरी, आठवणी, कविता, स्वयंपाक, इतिहास असं बरंच काही त्यात आहे. कोणी काय वाचावं, ते पाहू.

फ्रीडमन कोण होते आणि त्यांच्याबद्दल कुठे वाचायचं?

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. १९३८-३९ मध्ये औंधच्या राजांनी आपले अधिकार प्रजेच्या हाती देण्याचा निर्णय घेतला. गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना तयार झाली. ती घडवण्यात फ्रीडमन आणि युवराज आप्पासाहेब पंत पुढे होते. स्वतंत्रपूर १९३९ सालचं.

पंतांनी पुढे या सगळ्यावर ‘अॅन अनयुज्वल राजा’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. राजाच्याच मुलानं सांगितलेली गोष्ट आहे, हे लक्षात ठेवून वाचावं. तरीही खानापूर-आटपाडीच्या वाचकाला ते घरचं वाटेल.

फ्रीडमन यांचं स्वतःचं सर्वात गाजलेलं काम मात्र वेगळंच आहे. मुंबईत खेतवाडीत राहणारे, विड्यांचं दुकान चालवलेले निसर्गदत्त महाराज मराठीतून प्रश्नोत्तरं करायचे. फ्रीडमन यांनी त्यांचं इंग्रजी केलं. ‘आय अॅम दॅट’ हे ते पुस्तक १९७३ साली आलं आणि जगभर गेलं. धर्मग्रंथ म्हणून ते ज्यू नव्हे. पण ज्यू घरात जन्मलेल्या माणसानं मराठी बोलणं जगापुढे नेलं, असं हे उदाहरण आहे. अध्यात्माची आवड असणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

कादंबरी हवी असेल तर?

एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ रेचल’. अलिबागजवळच्या किनाऱ्यावरच्या गावात रेचल एकटी राहते. मुलं इस्रायलला गेली आहेत. गावातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, बंद पडलंय आणि त्या जागेवर डोळा ठेवणारे आहेत. ते वाचवायची म्हातारीची धडपड म्हणजे ही कादंबरी. प्रत्येक प्रकरणासोबत एक पाककृती येते. या कादंबरीला इंग्रजीसाठीचा २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

रेचल ज्या समाजाची, तो बेने इस्रायल. यांचे पूर्वज जहाज फुटून कोकण किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारची सुट्टी, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. भाषा मराठी. आडनावंही गावावरून: किहीमकर, रोहेकर, राजपूरकर, दिवेकर.

२०११ च्या जनगणनेत भारतात ४,६५० ज्यू होते, त्यातले २,४६६ महाराष्ट्रात. १९४८ मध्ये इस्रायल झाल्यावर मोठ्या संख्येनं लोक तिकडे गेले. त्यामुळे रेचलचं रिकामं गाव ही निव्वळ कल्पना नाही.

हिंदी वाचणाऱ्यांसाठी शीला रोहेकर यांची ‘मिस सॅम्युएल : एक यहूदी गाथा’ (२०१३) आहे. मागे राहिलेल्या बेने इस्रायल घराची ही अनेक पिढ्यांची कहाणी. रेचलपेक्षा जड आहे, सावकाश वाचायची.

खऱ्या आयुष्याच्या गोष्टी आवडत असतील तर?

सादिया शेपर्ड यांचं ‘द गर्ल फ्रॉम फॉरेन’ (२००८). अमेरिकेत वाढलेल्या सादियाला कळतं की आपली मुसलमान आजी जन्मानं बेने इस्रायल होती. लग्नानंतर नाव बदललं, फाळणीनंतर ती पाकिस्तानात गेली. आजीला दिलेल्या शब्दाखातर नात मुंबई आणि कोकण पालथं घालते. तीन धर्म एका घरात नांदतात तेव्हा काय होतं, हे त्यात कुठेही भाषणबाजी न करता येतं.

मराठीतच वाचायचं असेल, तर ‘एक होता कार्व्हर’वाल्या वीणा गवाणकर यांच्याकडे जा. त्यांनी इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांचं चरित्र लिहिलंय. अणुविखंडनाचा अर्थ उलगडणाऱ्या लीझ माइट्नर आणि डीएनएच्या रचनेचा पुरावा टिपणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन यांचंही. तिघी ज्यू कुटुंबातल्या. माइट्नर यांना १९३८ मध्ये जर्मनी सोडून पळावं लागलं आणि नोबेल मिळालं ते एकट्या सहकाऱ्याला. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढून वाचणाऱ्या मुलींना यातलं कुठलंही एक पुस्तक द्यावं.

लहान मुलं, कविता आणि स्वयंपाकघर?

दहावीच्या आसपासच्या मुलांसाठी अॅन फ्रँकची डायरी आहेच, मराठीतही मिळते. त्याहून लहानांसाठी पामेला एहरेनबर्ग यांचं ‘क्वीन ऑफ द हनुका डोसाज’ (२०१७) हे इंग्रजी चित्रपुस्तक. आई-बाबांपैकी एक भारतीय, एक ज्यू. मग हनुका सणाला बटाट्याच्या लाटक्यांऐवजी डोसे होतात.

खाण्यावरून आठवलं, एस्थर डेव्हिड यांचंच ‘बेने अॅपेटिट’ (२०२१) भारतभरच्या ज्यूंच्या स्वयंपाकाचा मागोवा घेतं. त्यातला मलिदा पाहून आपल्याकडच्यांना नवल वाटणार नाही: पोहे, गूळ, ओलं खोबरं. फरक इतकाच की तो एलियाहू हन्नावी या पैगंबराच्या नावानं केला जातो. झिल्का जोसेफ यांच्या २०२४ च्या कवितासंग्रहाचं नावच ‘स्वीट मलिदा’ आहे.

कवितेतलं मोठं नाव अर्थात निसीम इझिकेल. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. इंग्रजीत लिहिणाऱ्या या बेने इस्रायल कवीनं वृंदा नाबर यांच्यासोबत इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या, हे फारसं सांगितलं जात नाही.

मग मराठीत या समाजाचं स्वतःचं काहीच नाही?

आहे, आणि भरपूर होतं. पेसाह सणाला वाचायचा ‘हगादा’ मुंबईत १८४६ मध्ये मराठीसह छापला गेला. १८७४ साली पुण्यात सचित्र हगादा निघाला. त्यातल्या चित्रात सणाची भाकरी करणाऱ्या बायका साडीत आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. मोशे आणि योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनं रचली गेली, टाळ-पेटीवर गायलीही गेली.

अडचण आहे ती नंतरची. समाजाचा पहिला मोठा इतिहास हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहून पुरा केला, तोही इंग्रजीत. तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवहून. वर सांगितलेल्या नव्या पुस्तकांची यादी पुन्हा पाहिली तर तेच दिसतं: माणसं मराठी बोलणारी, गावं रायगडची, आणि पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. इस्रायलला गेलेल्यांनी मात्र तिथूनही मराठी नियतकालिक चालवलं. त्याचं नाव ‘मायबोली’.