तळटीप : ‘गुडघ्याची नस बुजवली’

२७. आत्याबाईंच्या ‘नस बुजवली’ला डॉक्टर एम्बोलायझेशन म्हणतात. नस म्हणजे इथे धमनी, तीही मुख्य नव्हे. झिजलेल्या गुडघ्याच्या अस्तराला सूज राहिली की तिथे बारीक रक्तवाहिन्या नव्याने फुटतात. त्यांच्या जोडीने वेदनेचे मज्जातंतूही वाढतात. बहुधा जांघेतून नळी सरकवून या वाहिन्यांत सूक्ष्म कण सोडतात. रक्त अडते, पुष्कळांचा ठणका उतरतो. जपानचे युजी ओकुनो यांनी २०१३मध्ये कंडरांच्या जुनाट दुखण्यावर आणि पुढे गुडघ्यावर ही रीत मांडली. कूर्चा मात्र भरून येत नाही. आत्याबाई सांगतात त्या तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला पायऱ्या उतरूनच जावे लागते, आणि दुखरा गुडघा उतरतानाच जास्त बोलतो. तेव्हा तिथे ‘पळत उतरले’ हे आत्याबाईंचे खास धाराशिवी तिखटमीठ समजावे.