वाहन व मालमत्ता विमा दावा (भारत)

विमा दावा म्हणजे विमा उतरवलेल्या वस्तूची हानी झाल्यावर विमाधारकाने विमापत्रातील अटींनुसार भरपाईसाठी विमा कंपनीकडे केलेली मागणी होय. भारतात वाहन, घर, दुकान इत्यादींच्या विम्याचे दावे विमा अधिनियम, १९३८ आणि भारतीय विमा विनियामक आणि विकास प्राधिकरणाचे नियम यांच्या चौकटीत निकाली काढले जातात. हा विमा क्षतिपूर्तीच्या तत्त्वावर चालतो. त्यामुळे झालेल्या हानीपेक्षा अधिक रक्कम मिळत नाही. वजावटींमुळे ती बऱ्याचदा कमीच असते.

व्याप्ती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी चालवल्या जाणाऱ्या वाहनाचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. मात्र त्यातून केवळ इतरांची हानी भरून निघते. स्वतःच्या वाहनाच्या दुरुस्तीसाठी किंवा चोरीसाठी स्वहानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. घरांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र लागू आहे. त्यात आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, भूस्खलन आदींचा समावेश होतो. एरवीच्या घरफोडीचा होत नाही.

दाव्याची पद्धत

हानी घडताच विमा कंपनीला कळवणे ही पहिली अट असते. चोरी झाल्यास किंवा अपघातात कोणी जखमी झाल्यास पोलिसांत प्राथमिक माहिती अहवाल नोंदवला जातो. त्यानंतर कंपनी सर्वेक्षक पाठवते. विहित रकमेपेक्षा मोठ्या हानीसाठी परवानाधारक सर्वेक्षकाचा अहवाल अधिनियमाच्या कलम ६४ यूएम नुसार आवश्यक आहे. पाहणीपूर्वी वाहन दुरुस्त केले किंवा भिजलेला माल टाकून दिला, तर हानी सिद्ध करणे अवघड होते. छायाचित्रे आणि खरेदीची बिले अशा वेळी उपयोगी पडतात. पुरानंतर तलाठ्याने केलेला पंचनामा मुख्यतः शासकीय मदतीसाठी असतो. तो दाव्याला पूरक पुरावा ठरू शकतो, पण सर्वेक्षकाच्या पाहणीची जागा घेत नाही.

वाहनचोरीच्या दाव्यात कंपन्या सर्व किल्ल्या, नोंदणी प्रमाणपत्र आणि तपास न लागल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल मागतात. महाराष्ट्रात हा अहवाल ‘अ समरी’ म्हणून ओळखला जातो.

भरपाईची गणना

वाहनाच्या बदललेल्या भागांवर घसारा कापला जातो. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर तो ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के असतो, काचेवर नसतो. याशिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी १,००० रुपयांची सक्तीची वजावट आहे. म्हणजे केवळ ८,००० रुपयांचा प्लॅस्टिक बंपर बदलावा लागल्यास त्यापोटी ३,००० रुपयेच हाती येतात. त्यासाठी दावा केल्यास पुढील हप्त्यातील विनादावा सवलतही जाते, म्हणून किरकोळ हानीचा दावा अनेकदा तोट्याचा ठरतो. दुरुस्तीचा खर्च वाहनाच्या विमापत्रातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक असल्यास वाहन पूर्ण नष्ट झाले असे मानले जाते.

दुकान किंवा कारखान्याचा विमा खऱ्या मूल्यापेक्षा कमी रकमेचा असेल, तर भरपाईही त्याच प्रमाणात घटू शकते. ५० लाखांच्या मालावर २५ लाखांचाच विमा असल्यास ४ लाखांच्या हानीसाठी २ लाख रुपये मिळतात. भारत गृह रक्षा विमापत्रात मात्र अशी कपात होत नाही.

पुरात बुडालेली वाहने

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा प्रसंगी वादाचा विषय ठरते ते इंजिन. पाण्यात बंद पडलेले वाहन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास सिलिंडरमध्ये पाणी शिरून दट्टे व त्यांचे दांडे वाकू शकतात. ही हानी पुरामुळे नव्हे, तर चालकाच्या कृतीमुळे झाली असे कंपन्या मांडतात आणि मूळ विमापत्रात ती परिणामजन्य हानी म्हणून वगळलेली असल्याचे सांगतात. इंजिन संरक्षणाची जोड घेतलेली असल्यास तिच्या अटींनुसार अशी हानी भरून मिळू शकते. वाहन सुरू न करता ओढून नेणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

विलंब आणि नकार

केवळ खबर देण्यास उशीर झाला म्हणून खरे दावे नाकारू नयेत, असे परिपत्रक नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०११ मध्ये काढले. गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या ट्रॅक्टर चोरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये निर्णय दिला. पोलिसांत फिर्याद तत्काळ दिलेली असेल आणि चोरी खरी असेल, तर कंपनीला उशिरा कळवणे हे नकाराचे कारण होऊ शकत नाही, असे त्यात म्हटले आहे. फिर्यादच उशिरा दिलेल्या विमाधारकाला या निर्णयाचा तसा आधार मिळत नाही.

तक्रार निवारण

नकार किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार करावी लागते. ती फेटाळल्यास किंवा महिनाभरात उत्तर न आल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये असून गोवा पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतो. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असून तेथे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.