फळांचा पंच : पाच घटक, दोन भांडी

नाताळपासून नववर्षाच्या पहाटेपर्यंतचा आठवडा हा शहरांतील घरगुती मेजवान्यांचा आठवडा असतो. मेजावर मधोमध ठेवलेले मोठे काचेचे भांडे, त्यात तरंगणाऱ्या सफरचंदाच्या फोडी, तळाशी डाळिंबाचे दाणे आणि शेजारी रांगेने मांडलेले छोटे पेले, हे दृश्य आता नवलाईचे राहिलेले नाही. वाइन, फळे, फळांचा रस आणि सोडा यांच्या या मिश्रणास पंच म्हणतात. पंधरा-वीस जणांची एकदम सोय होते, यजमानाला दर खेपेस बाटल्या उघडत उभे राहावे लागत नाही आणि उंची वाइनचीही गरज पडत नाही, हे त्याचे गुण. दोष एकच, पण तो मोठा आहे. पंच उत्तम जमला की त्यातील मद्य जिभेला कळेनासे होते. त्यामुळे तो करणाऱ्याला चवीइतकाच हिशेबही पक्का ठेवावा लागतो.

नावातील पाच

हे पेय विलायती समजण्याचा प्रघात असला, तरी त्याचे सर्वांत जुने उल्लेख हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचे आहेत. इंग्रजीत 'पंच' हा शब्द आढळतो तो १६३२ मधील एका पत्रात, आणि ते पत्र ईस्ट इंडिया कंपनीच्या येथील माणसांच्या आपसातील पत्रव्यवहारातले आहे. १६३८ मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने तेथील इंग्रजांच्या 'पालेपुंट्झ' नामक पेयाची नोंद केली. दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर हे त्याचे घटक. हे चमत्कारिक नाव म्हणजे 'पंचचे भांडे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा अपभ्रंश होय. फ्रेंच प्रवासी बर्निए याने त्याचे 'बुलेपोंज' केले आणि वर किसून घातलेल्या जायफळाचा उल्लेख केला. १६७० च्या दशकात मुंबई-सुरत परिसरात वावरलेला कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याने तर थेट व्युत्पत्तीच दिली आहे : घटक पाच, म्हणून हिंदुस्थानी 'पाच'वरून पंच. गोव्यातील नेरूळची अरक, म्हणजे माडीपासून गाळलेली दारू, सर्वांत चांगली आणि तिच्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज हे पेय करतात, असे तो सांगतो. अंगातील त्राण हरपविणारे पेय असे विशेषण जोडण्यास हा वैद्य विसरलेला नाही.

फ्रायरची व्युत्पत्ती अभ्यासकांनी निर्विवाद मानलेली नाही. मांडेल्स्लोच्या यादीत घटक चारच आहेत. शिवाय जहाजावरील दारूच्या पिंपाला इंग्रजीत असलेल्या 'पंचन' या शब्दाशीही या नावाचे साम्य आहे. आपल्याकडे संख्येवरून पदार्थाला नाव देण्याची रीत पंचखाद्यातही दिसते, त्यामुळे फ्रायरचे म्हणणे मराठी वाचकाला चटकन पटते, इतकेच.

मात्र पाच घटकांची ही कसोटी आजही उपयोगी पडते. मद्य, आंबट, गोड, पाणी आणि मसाला या पाचांपैकी एखादा घटक गळाला की पंच एकसुरी लागतो. घरोघरी फसणाऱ्या पंचमध्ये बहुधा आंबट आणि मसाला हे दोन घटक विसरलेले असतात. वाइनमध्ये डबाबंद रस आणि गोड शीतपेय ओतले की जे तयार होते ते सरबतही नव्हे आणि वाइनही नव्हे. जुना पंच अरकीसारख्या कडक दारूचा होता म्हणून त्यात पाणी भरपूर लागे. वाइन मुळातच सौम्य. तिच्यात पाणी ओतले तर चव विरून जाते. म्हणून वाइनच्या पंचमध्ये पाण्याची जागा सोडा आणि ताज्या रसाने घ्यावी.

वाइन कोणती, फळे कोणती

१९९९-२००० नंतर नाशिक परिसरात वाइननिर्मितीने मूळ धरले, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणले आणि त्यानंतर चांगली देशी वाइन शहरांतील दुकानांत सहज मिळू लागली. पंचसाठी शेनाँ ब्लाँ जातीच्या द्राक्षांची मध्यम दराची पांढरी वाइन सर्वांत सोयीची. तिच्यात फळांचा गंध असतो आणि तुरटपणा नसतो. तांबडी वाइन थंड केली की तिचा तुरटपणा वाढल्यासारखा वाटतो, म्हणून ती वापरायचीच तर हलकी निवडावी. फार महागडी वाइन पंचमध्ये घालणे ही उधळपट्टी होय. पण आठवडाभर उघडी राहिलेली, आंबूस वासाची बाटली 'फळांत खपून जाईल' म्हणून ओतणे ही त्याहून मोठी चूक. व्हिनेगरचा वास कोणत्याही फळाने झाकत नाही.

डिसेंबर हा फळांच्या दृष्टीने भाग्याचा महिना. नागपुरी संत्र्यांचा आंबिया बहार बाजारात असतो, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येऊ लागलेली असते, डाळिंब, सफरचंद आणि अननस तर मिळतातच. केळी, पपई, चिकू आणि सीताफळ मात्र पंचमध्ये घालू नयेत. तासाभरात त्यांचा लगदा होऊन पेय गढूळ होते. पेरूचा वास सुरेख उतरतो, पण बिया प्रत्येक पेल्यात येतात. सफरचंदाच्या फोडी कापताच लिंबाच्या रसात घोळवाव्यात, म्हणजे काळ्या पडत नाहीत. स्ट्रॉबेरी अगदी शेवटच्या तासात घालावी, नाहीतर तिचा रंग उतरतो.

नागपुरी संत्र्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण पंच कडू होण्याचे खापर बहुतेक वेळा विनाकारण वाइनवर फुटते. या संत्र्याचा रस काढल्याबरोबर गोड लागतो आणि ठेवल्यावर हळूहळू कडवट होतो. फोडींची साले आणि बिया यांतील काही द्रव्ये रसातील आम्लाच्या संपर्कात येऊन त्यांपासून लिमोनिन हा कडू पदार्थ तयार होतो. म्हणून सकाळी रस काढून ठेवण्याचा मोह टाळावा. पाहुणे दारात आल्यावर रस काढावा, बिया चिरडू देऊ नयेत आणि गाळून घ्यावा. संत्र्याच्या सालीची पातळ नारिंगी पट्टी सुगंधासाठी जरूर घालावी. तिच्या आतला पांढरा भाग मात्र खरवडून टाकावा.

कृती

पुढील प्रमाण सव्वातीन लिटर पेयाचे, म्हणजे दीडशे मिलिलिटरच्या सुमारे एकवीस पेल्यांचे आहे. आदल्या रात्री १०० ग्रॅम साखर आणि तितकेच पाणी एकत्र उकळून त्यात दालचिनीचा एक तुकडा, तीन-चार लवंगा आणि संत्र्याच्या सालीची पट्टी घालावी व झाकून ठेवावे. सकाळी पाक गाळून घ्यावा. लवंगांची संख्या वाढविण्याचा उत्साह आवरावा. दहा लवंगांचा पंच दंतमंजनासारखा लागतो, हा स्वानुभव आहे.

दुपारी सुमारे एक किलो सफरचंद व अननस बारीक चिरून त्यावर डाळिंबाचे दाणे घालावेत आणि हा पाक ओतून अर्धा तास ठेवावे. फळांना रस सुटला की पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या ओतून भांडे शीतकपाटात चार तास ठेवावे. वाढण्यापूर्वी अर्धा लिटर ताजा संत्र्याचा रस आणि चार लिंबांचा रस घालून चव पाहावी. थंड पदार्थ कमी गोड लागतो, त्यामुळे गोडीचा अंतिम निर्णय थंड झाल्यावरच घ्यावा. सर्वांत शेवटी एक लिटर थंडगार सोडा भांड्याच्या कडेने हलकेच ओतावा आणि वर जायफळ किसावे. सोडा आधी घालून ठेवला तर पाहुणे येईपर्यंत त्यातील जोर निघून गेलेला असतो.

सुरतेच्या वखारीत बर्फाचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतून जहाजाने आलेला पहिला बर्फ कलकत्त्यास उतरला तो १८३३ मध्ये. आज बर्फ घरोघरी असला तरी छोटे तुकडे पंचमध्ये टाकू नयेत. ते झपाट्याने वितळतात आणि अर्ध्या तासात पेय पाणचट होते. एखाद्या वाडग्यात पिण्याचे पाणी आदल्या रात्री गोठवून तो एकसंध गोळा भांड्यात सोडावा. त्याचा पृष्ठभाग आकाराच्या मानाने कमी असल्याने तो सावकाश वितळतो.

भांड्याविषयी एक सूचना. पंचसाठी माळ्यावरचे तांब्या-पितळेचे घंगाळ काढण्याची कल्पना अनेकांना सुचते. ते शोभिवंत दिसते, पण लिंबाचा रस आणि वाइन या दोन्ही आम्लधर्मी गोष्टी आहेत. कल्हई उडालेल्या भांड्यात त्या तासन्‌तास ठेवणे म्हणजे पाहुण्यांना धातूचे क्षार पाजणे. काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील हेच योग्य.

हिशेब

वाइनमध्ये सामान्यतः बारा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो. दोन बाटल्यांत तो १८० मिलिलिटर होतो आणि वरील प्रमाणातील पंचमध्ये साडेपाच टक्क्यांच्या जवळ येतो. म्हणजे हा पंच सौम्य बिअरपेक्षा किंचित अधिक कडक आहे. दीडशे मिलिलिटरच्या एका पेल्यात साडेसहा ग्रॅम मद्यार्क जातो. सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या यकृतास तो निकालात काढण्यासाठी ढोबळमानाने तासभर लागतो.

आता उत्साही मित्राने 'जरा जोर येऊ द्या' म्हणून ब्रँडीची अर्धी बाटली त्यात रिकामी केली असे समजा. ४२.८ टक्के मद्यार्काच्या ३७५ मिलिलिटर ब्रँडीमुळे १६० मिलिलिटर मद्यार्क वाढतो आणि पंच साडेपाचवरून सव्वानऊ टक्क्यांच्या पुढे जातो. रंग तोच, वास जवळपास तोच, साखरेमुळे चवही फारशी बदललेली नाही. तीन पेले घेणाऱ्याच्या पोटात मात्र पाचांहून अधिक पेल्यांचा ऐवज गेलेला असतो. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. ब्रँडी घालायचीच असेल तर ती यजमानाने मोजून घालावी आणि तसे सर्वांना सांगावे. गुपचूप ओतण्यात कसलीही मौज नाही.

फळांचेही असेच आहे. चार-पाच तास वाइनमध्ये भिजलेली फोड ही फळाची फोड राहत नाही. काही वर्षांपूर्वी एका इमारतीच्या गच्चीवरील मेजवानीत प्रस्तुत प्रतिनिधीने पाहिले, की मोठ्यांनी रिकामे करून ठेवलेल्या पेल्यांतील फळे एक सहा वर्षांचा मुलगा चमच्याने शांतपणे संपवीत होता. त्याला कोणी अडविले नाही, कारण तो 'फळे खात होता'. सुदैवाने झोपेपलीकडे काही झाले नाही. त्याच्या आईने त्यानंतर त्या घरी जाणे बंद केले, आणि तिचे चुकले असे कोणाला म्हणवले नाही.

यावर उपाय एकच : दोन भांडी. मद्य न घेणाऱ्यांना, मुलांना, गरोदर स्त्रियांना, झोपेची औषधे घेणाऱ्यांना आणि वाहन चालवीत परत जाणाऱ्यांना बाजूला बसवून साध्या पाण्याचा पेला देणे हा अनादर होय. त्यांच्यासाठी तितकेच देखणे दुसरे भांडे असावे. मात्र दोहोंचा रंग एकच असता कामा नये. पांढऱ्या वाइनचा पंच असेल तर बिनमद्याचा आमसुलाचा करावा. ५० ग्रॅम आमसुले दोन तास भिजवून कोळावीत, त्यात तोच मसाल्याचा पाक, वेगळी चिरलेली फळे आणि आयत्या वेळी सोडा घालावा. गडद लाल रंग लांबूनही ओळखू येतो. तांबड्या वाइनचा पंच असेल तर आमसुलाचा बेत रद्द करून संत्रे-लिंबाचा करावा. दोन्ही भांड्यांची ओगराळी वेगळी ठेवावीत आणि शक्य तर मेजेही वेगळी असावीत. मेजवानी घराऐवजी भाड्याच्या सभागृहात असेल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या एक दिवसाच्या परवान्याची चौकशी आधीच करावी.

नाशिक, पुणे, नागपूर येथील कडाक्याच्या रात्री थंड पंच नकोसा वाटतो. जर्मनीतील नाताळ बाजारांत तांबडी वाइन दालचिनी, लवंग आणि संत्र्याच्या सालीसह गरम करून देतात, आणि मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाजाचे मसाला घातलेले खिमाड हेही गरम पेयच आहे. वाइन गरम करताना वाफ दिसू लागताच आच बंद करावी. उकळली तर सुगंध जातो आणि कडवटपणा मागे राहतो. गरम केल्याने मद्य उडून जाते हा समज चुकीचा आहे. इतक्या अल्पशा उष्णतेने त्यातील बहुतांश तसेच राहते.

उरलेला पंच त्याच रात्री गाळून बाटलीत भरल्यास शीतकपाटात दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतो, फक्त पिताना नवा सोडा घालावा लागतो. गाळलेली फळे ठेवू नयेत. उरलेसुरले खाली गाईला किंवा कुत्र्याला घालण्याची आपली सवय या बाबतीत आवरावी आणि ती फळे सरळ ओल्या कचऱ्यात टाकावीत.